दुरुस्त केलेली फाइल परत पाठवा

कुडाळच्या किंवा दापोलीच्या मुलाला मुंबईतल्या सीए फर्ममध्ये काम करायचं तर मुंबईत जाऊनच राहिलं पाहिजे, ही अट करोनानंतर सैल झाली. चांगलं झालं. पूर्वी डोंबिवलीला मामाकडे पथारी, नाहीतर दिवा स्टेशनजवळ चौघांत एक खोली, आणि हातात येणारा स्टायपेंड असा की त्याला पगार म्हणायची कोणाची छाती होऊ नये. लोकलचा पास आणि डबा यांतच तो संपायचा. पोरगी असली तर प्रश्न आणखी वाढायचे: राहणार कुठे, रात्री परत कशी येणार, सोबत कोण. सावंतवाडी-मालवणकडच्या कित्येक हुशार मुलींनी इंटर (सीएची मधली परीक्षा) पास होऊनही आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची सक्तीची उमेदवारी, जवळच्याच ऑफिसात उरकली ती या प्रश्नांपायी. आता घरच्या ओटीवर लॅपटॉप उघडून अंधेरीच्या फर्मची फाइल करता येते. हे बंद करा असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण घरून काम करणाऱ्या या नव्या मुलांना शिकवायचं कोणी आणि केव्हा, याचा विचार फर्मांनी केलेला दिसत नाही. जी चर्चा चालते ती जवळजवळ सगळी हजेरीची. सकाळी दहाला लॉगिन झालं का, दुपारी दोन ते चार हिरवा ठिपका का दिसत नव्हता, स्क्रीनचे फोटो काढणारं सॉफ्टवेअर घ्यावं का, दिवसभर कॅमेरा चालू ठेवायला सांगावं का. सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या नियमाप्रमाणे आर्टिकलने (उमेदवारी करणाऱ्याने) आठवड्याला किमान ३५ तास काम केलं पाहिजे. त्या ३५ तासांचा हिशेब ठेवायला एक्सेल शीट सगळ्यांकडे आहे. त्याच आठवड्यात सीनिअरने त्या मुलाबरोबर किती वेळ घालवला, याचा रकाना मी तरी कुठल्या शीटमध्ये पाहिलेला नाही. दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या व्यवसायात हा रकाना कोणालाच सुचू नये, याची मला गंमत वाटते.

नुकसान नेमकं कुठे होतं हे एका फाइलवरून दाखवतो. फाइल उदाहरणादाखल घेतली आहे, पण रत्नागिरीतल्या कुठल्याही ऑफिसात तिची भावंडं सापडतील. मिरकरवाडा बंदरावरचा मासळीचा व्यापारी. रोज बंदरावर माल घेतो, पैसे रोख मोजतो, बर्फ घालून गाडी पुढे पाठवतो. त्याचं टॅक्स ऑडिट (आयकरासाठीची हिशेबतपासणी) हर्णैला घरी बसून काम करणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलीकडे आलं. तिने टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून कॅश बुक काढलं, दहा हजारांच्या वरचं प्रत्येक रोख पेमेंट एक्सेलमध्ये वेगळं केलं आणि सगळी यादी कलम ४०ए(३) खाली नामंजूर म्हणून लावून टाकली. १९६१ च्या आयकर कायद्यात ते तसंच होतं: एका दिवसात एका माणसाला धंद्याच्या खर्चापोटी दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिले, तर त्या खर्चाची वजावट मिळत नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले. तीस-तीस वर्षं जिभेवर असलेले आकडे आता सीनिअर मंडळींनाही नव्याने पाठ करावे लागताहेत. त्या बाबतीत सगळेच ज्युनिअर.)

रात्री साडेदहाला सीनिअरने फाइल उघडली. करपात्र नफा भलताच फुगलेला दिसला. त्याला कारण लगेच कळलं. त्याने यादी पुसली, आकडा शून्य केला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘फाइल ओके.’ सगळं मिळून चार मिनिटांचं काम.

आता मुलीच्या बाजूने बघा. तिला ‘ओके’ मिळालं. यादी पुसली गेली हे तिला कळलं तर कळलं. बहुधा नाहीच, कारण पुढच्या फाइलचा मेसेज तोवर आलेला असतो. पुढच्या मासळीवाल्याच्या फाइलला ती पुन्हा तेच करणार. आणि यादी पुसण्यामागचा नियम तर चांगला रंजक आहे. त्या जुन्या कायद्याच्या आयकर नियमावलीतल्या ६डीडी या नियमात काही पेमेंटना या रोखीच्या बंधनातून सूट होती, आणि त्यात मासळी ‘उत्पादकाला’ दिलेले पैसे यायचे. पण उत्पादक म्हणजे कोण? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००८ साली परिपत्रक काढून सांगितलं की मासेमारी करणारा तर उत्पादक आहेच, शिवाय समुद्रावरून आलेला माल किनाऱ्यावरच निवडून व्यापाऱ्याला विकणारा मच्छीमारांचा म्होरक्याही उत्पादक धरायचा. एकाकडून घेऊन दुसऱ्याला विकणारा मधला व्यापारी किंवा दलाल मात्र त्यात बसत नाही. म्हणजे सगळी यादी लावणं जितकं चूक, तितकंच सगळी यादी डोळे झाकून पुसणंही चूक असू शकतं. प्रत्येक नावापुढे विचारायला हवं होतं: हा तांडेल (बोटीचा कप्तान) आहे, बोटीचा मालक आहे, की दलाल?

आणि हे विचारायला त्या मुलीपेक्षा योग्य माणूस सापडला नसता. हर्णैची मुलगी ती. बंदरावर संध्याकाळी लिलाव कसा लागतो, बोली कोण लावतो, पैसे कोणाच्या हातात पडतात, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. यादीतली निम्मी नावं तिने आडनावावरून ओळखली असती. सीनिअर गोरेगावात बसलेला. त्याला तांडेल आणि दलाल यांतला फरक पुस्तकातून वाचावा लागतो. तिला कायदा माहीत नाही, त्याला बंदर माहीत नाही. दोघं दहा मिनिटं फोनवर बोलले असते तर फाइल खरोखर ओके झाली असती आणि मुलीला तो नियम जन्मभर पुरला असता.

माझं सगळं म्हणणं या चार मिनिटांपुरतं आहे. नव्या माणसाची चूक सीनिअरने स्वतःच गुपचूप दुरुस्त करायची, हा घरून कामाच्या पद्धतीला लागलेला रोग आहे. ऑफिसात तो नव्हता असं नाही, पण तिथे निदान चूक करणारा समोर असायचा. सीनिअर कपाळावर हात मारायचा, ‘अरे, हे काय लावलंस?’ म्हणायचा, आणि त्या ओरडण्यातून दोन वाक्यं शिकवून व्हायची. लॅपटॉपवर ओरडायला कोणी नसतं. आणि टाइप करून समजावण्यापेक्षा खोडून टाकणं केव्हाही सोपं.

सीनिअरवर सगळं ढकलणंही बरोबर नाही. त्याचा सप्टेंबर कसा जातो हे मला माहीत आहे. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं ३बी, ३० ला टॅक्स ऑडिट; मुदत वाढली तर वाढली, नाहीतर रात्री दोनपर्यंत पोर्टल गोल फिरत असतं. त्यात कोकणात गणपती. दीड दिवसांचा असो की गौरीबरोबर जाणारा, त्या दिवसांत क्लायंट फोन उचलत नाही आणि आर्टिकल गावाला गेलेला असतो. (तो आधीच गावाला आहे म्हटलं तरी त्याच्या घरीच गणपती असतो, म्हणजे उपयोग शून्य.) अशात बारा फाइली संपवायच्या असताना एका फाइलचं पोस्टमॉर्टेम करत बसायला सीनिअरला कोणी पैसे देत नाही. फर्म क्लायंटला बिल करते ते ऑडिटचं. शिकवण्याचा तास कुठल्याच बिलात नसतो. म्हणून प्रश्न स्वभावाचा कमी आणि फर्मने वेळ कशावर घालवायचं ठरवलंय याचा जास्त आहे. ज्या फर्ममध्ये भागीदार स्वतः सांगतो की ज्युनिअरच्या फाइलवरचे शेरे लिहिण्याचा अर्धा तास कामातच धरला जाईल, तिथे सीनिअर शेरे लिहितात. जिथे सांगत नाही, तिथे खोडतात.

यात आणखी एक गोष्ट घडली आहे आणि तिच्याकडे लोकांचं फारसं लक्ष नाही. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षांवर आली. इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय ती सुरूही करता येत नाही. पूर्वी एक ग्रुप सुटला तरी चालायचं. मुलांच्या दृष्टीने बदल सोयीचा आहे, अभ्यास आणि काम यांची ओढाताण कमी झाली. पण ऑफिसच्या दृष्टीने बघा. जुन्या पद्धतीत एका वेळी तीन वर्षांची पोरं ऑफिसात असायची. पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवायचा तो दुसऱ्या वर्षाचा, आणि दोघांच्या चुका आधी पकडायचा तो तिसऱ्या वर्षाचा. साहेबांपर्यंत जाण्याआधी फाइल दोन हातांतून जायची. ‘बँक रिको (बँकेच्या आणि वहीतल्या नोंदींचा मेळ) जुळत नाही’ हे साहेबांना सांगायची कोणाची टाप नव्हती. ते शेजारच्या खुर्चीवरच्या दादाला किंवा ताईला सांगायचं. ती ताई चहा पिता पिता बँकेचं स्टेटमेंट बघायची आणि म्हणायची, ‘चेक मार्चमध्ये दिलाय, एप्रिलमध्ये पास झालाय, बघ की.’

आता दोनच वर्षांची मुलं, आणि दुसऱ्या वर्षाचा पोरगा कामात तरबेज होतो न होतो तोच त्याचे दिवस भरतात. त्यात हे दोघं एकमेकांना भेटलेलेच नसतील, एक लांज्याला आणि एक बोरिवलीला, तर तो मधला माणूस पूर्ण गायब होतो. नव्या मुलाला प्रश्न पडला तर तो विचारायची जागा एकच उरते, ती म्हणजे फर्मचा व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात भागीदारही असतात. तिथे ‘सर, डेबिट नोट आणि क्रेडिट नोट यांत गोंधळ होतोय’ असं लिहायचं? इंटर पास झालेला मुलगा हे कधीही लिहिणार नाही. तो यूट्यूब बघेल, मित्राला विचारेल, अंदाजाने ठोकून देईल. लेखी प्रश्नाची नोंद राहते, आणि आपलं अज्ञान नोंदवून ठेवायला कोणाला आवडतं? कोकणातून गेलेल्या मुलाला तर आणखीच संकोच, आधीच त्याला वाटत असतं की इथल्या सगळ्यांना आपल्यापेक्षा जास्त येतं.

म्हणून ज्या फर्ममध्ये घरून काम चालतं तिथे निदान एवढं व्हावं: प्रत्येक नव्या मुलाला दुसऱ्या वर्षाचा एक नेमून दिलेला माणूस असावा, आणि त्याला विचारलेलं कोणी वर सांगणार नाही याची खात्री असावी. ग्रुपवर नाही, फोनवर. शिवाय क्लायंटशी बोलताना सीनिअरने त्या मुलाला लाइनवर घ्यावं, तोंड बंद आणि कान उघडे. ‘शेठ, हे पंचवीस हजार कसले?’ हा प्रश्न क्लायंट न दुखावता कसा विचारायचा, आणि क्लायंट ‘अहो, ते असंच’ म्हणाला की पुढे काय म्हणायचं, हे कुठल्या मॉड्यूलमध्ये छापलेलं नाही. ते ऐकूनच येतं. एक बटण दाबून हे होतं, तरी करत नाहीत.

आता दुसरी बाजू. ऑफिसचे दिवस फार थोर होते असा सूर हल्ली फार ऐकू येतो, आणि तो मला पटत नाही. ऑफिसात पहिलं वर्ष व्हाउचिंगच्या नावाखाली बिलांवर बरोबरच्या खुणा करण्यात जायचं. झेरॉक्स काढणं, बँकेत चेक भरणं, साहेबांच्या मुलाच्या शाळेची फी भरून येणं, हे सगळं ‘प्रॅक्टिकल ट्रेनिंग’मध्येच धरलेलं. समोर बसवलं म्हणजे शिकवलं असं कधीच नव्हतं. घरून काम करणारा मुलगा निदान या वेठबिगारीतून सुटला. आणि काही कामं तर घरून जास्त चांगली होतात: जीएसटीचं २बी (पुरवठादारांनी पोर्टलवर दाखवलेल्या विक्रीवरून बनणारं पत्रक) खरेदीच्या रजिस्टरशी जुळवणं, डेप्रिसिएशनचा म्हणजे घसाऱ्याचा चार्ट, लेजर स्क्रुटिनी म्हणजे खात्यांची छाननी. ही शांत बसून करायची कामं आहेत. सतरा माणसं ये-जा करणाऱ्या ऑफिसात ती धड होत नाहीत.

पण काही कामं घरून होतच नाहीत, आणि त्याबद्दल फर्मांनी स्वतःची समजूत घालून घेऊ नये. काजूच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. काजू बीचा हंगाम उन्हाळ्यातला, म्हणजे ३१ मार्चला गोदाम भरत आलेलं असतं. साठा मोठा असेल तर मोजणीच्या वेळी ऑडिटरने हजर राहावं असं ऑडिटचं ५०१ क्रमांकाचं मानक सांगतं. करोनात व्हिडिओ कॉलवर मोजणी करायची पद्धत पडली आणि ती काही ठिकाणी अजून चालू आहे. व्हिडिओवर काय दिसतं? कारखान्याचा माणूस दाखवील ती पुढची थप्पी. मागे पोती आहेत की भिंत, खालच्या थरातल्या बीला ओल लागली आहे का, गेल्या वर्षीची बी याच ढिगात मिसळली आहे का, हे थप्पीच्या मागे जाऊन, पोत्यात हात घालून कळतं. पतसंस्थेत सोनेतारणाची पाकिटं तपासायची तर तिजोरीसमोर उभं राहून पाकिटावरचा नंबर, सील आणि रजिस्टर ताडून बघावं लागतं. पहिल्यांदा हे करणाऱ्या मुलाला कंटाळा येतो. पाच-पन्नास पाकिटांनंतर एखाद्याचं सील जरा वेगळं दिसलं की तो कंटाळा क्षणात जातो. ती नजर दुसऱ्या कशाने येत नाही.

चिपळूणने तर हे फार जवळून पाहिलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानांतला माल गेलाच, पण तळमजल्यावरचे कॉम्प्युटर, बिलांच्या फाइली, वह्या, सगळं चिखलात गेलं. हिशेब नव्याने उभे करायचे होते, आणि तिथे दूर बसून काम करण्याचा मोठा उपयोग झाला. बँकेची स्टेटमेंट, जीएसटी पोर्टलवरची २ए-२बीची खरेदी, पुरवठादारांकडून मागवलेली खाती, यांवरून दुकानदाराचं वर्ष पुन्हा जुळवता येत होतं, आणि ते कुठूनही करता येत होतं. ज्यांचा डेटा क्लाउडवर होता ते वाचले. आपल्या व्यवसायात कागद आणि हार्डडिस्क यांवरचा आंधळा विश्वास त्या वर्षी बराच कमी झाला.

पण त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग गमबूट घालूनच करावा लागला. विम्याच्या सर्व्हेअरला दाखवायला कुठला माल किती गेला याची यादी हवी होती. चिखलाने भरलेले कपड्यांचे तागे, फुगलेल्या पेट्या, गंज धरलेलं हार्डवेअर: यातलं काय पूर्ण बाद, काय धुऊन कमी भावात विकलं जाईल, हे तिथे उभं राहून ठरवायचं होतं. आणि ते ठरवण्यावर पुढचा कर अवलंबून होता. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावं लागतं. ज्याचं दुकान बुडालं त्याला ‘आता क्रेडिटही परत भरा’ हे सांगायचं. कसं सांगायचं? ज्या आर्टिकलने ते काम दुकानात उभं राहून केलं त्याला कलमही पाठ झालं आणि क्लायंटशी कसं बोलावं तेही. ज्याने फक्त एक्सेल भरलं, त्याला एक रकाना पाठ झाला. मी दोघांच्याही कष्टाला कमी लेखत नाही, पण दोघं सारखं शिकले असं कोणी म्हणू नये.

घरून काम म्हटलं की मुंबईच्या फर्मला वाटतं घर म्हणजे वीज आणि नेट असलेली खोली. कोकणातलं घर जून ते सप्टेंबर तसं नसतं. फांदी पडते, लाईट जाते, लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी संपते आणि रेंजही जाते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला किनाऱ्यावर आलं, म्हणजे घरून काम करण्याची रीत नुकती सुरू होत होती तेव्हा. मंडणगड-दापोलीच्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. सड्यावर (गावाबाहेरच्या कातळी पठारावर) चढून, छत्री धरून फाइल अपलोड करणारी मुलं तेव्हाही होती आणि पावसाळ्यात आजही आहेत. त्यांच्या सीनिअरला मात्र ‘सर, नेट नाही’ हा मेसेज बहाणा वाटतो, कारण ठाण्यात नेट आहे. यावर उपाय साधा आहे: काम तासांवर न मोजता फाइलवर मोजा, आणि रोज संध्याकाळी फोन करा. साधा फोन, रेंज येईल तेव्हा. त्याला वेगवान नेट लागत नाही. ज्याच्याशी रोज दहा मिनिटं बोलणं होतं त्याचा बहाणा आणि त्याची अडचण यांतला फरक आपोआप कळायला लागतो. त्यासाठी स्क्रीनचे फोटो काढायची गरज पडत नाही.

गुप्ततेबद्दल थोडक्यात. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाणं हे १९४९ च्या सीए कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार गैरवर्तन आहे. घरी एकच लॅपटॉप, तो भाऊही वापरतो, आणि क्लायंटचं पॅनकार्ड, बँक स्टेटमेंट आईच्या मोबाइलवरच्या व्हॉट्सॲपवर पडलेलं, अशी परिस्थिती खेड्यात सर्रास आहे. मुलाला दोष देऊन उपयोग नाही. लॅपटॉप फर्मने द्यावा. तेवढा खर्च परवडत नसेल तर घरून आर्टिकल ठेवू नये.

मग करायचं काय? माझ्या मते नव्या मुलाचे पहिले तीन-चार महिने कोणाच्या तरी ऑफिसात, प्रत्यक्ष माणसांत गेले पाहिजेत. ‘कोणाच्या तरी’ असं मुद्दाम म्हणतो. ते ऑफिस मुंबईतल्या फर्मचंच असायला हवं असं नाही. इन्स्टिट्यूटच्या नियमांत सेकंडमेंटची सोय फार पूर्वीपासून आहे: आपला आर्टिकल ठरावीक काळासाठी दुसऱ्या सीएकडे वेगळ्या कामाच्या अनुभवासाठी पाठवता येतो. ती वापरतात फार थोडे. मुंबईच्या फर्मने कणकवलीच्या मुलीला घेतलं तर पहिले काही महिने तिला कणकवलीच्या किंवा कुडाळच्या एखाद्या सीएकडे बसवावं. तिथे तिला पतसंस्था मिळेल, काजूवाला मिळेल, आंबा बागायतदार मिळेल. ‘बाग माझी खंय, करारान घेतलंय’ असं म्हणणारा व्यापारी मिळेल आणि उभं पीक विकत घेऊन विकणाऱ्याचं उत्पन्न शेतीचं धरायचं नाही हे तिला त्याच्या तोंडूनच कळेल. मग ती घरी बसून मुंबईचं काम करायला मोकळी. उलट बाजूने, इथल्या फर्मच्या आर्टिकलला लिस्टेड कंपनीचं ऑडिट बघायला मिळत नाही. त्याने ते काही महिने मुंबईच्या फर्मकडून, वाटल्यास घरून, करावं.

याला हरकती येणार हे मला माहीत आहे. इथल्या सीएला वाटेल, मी शिकवायचं आणि पोरगी मुंबईवाल्याची. मुंबईवाल्याला वाटेल, माझ्या क्लायंटची माहिती दुसऱ्या ऑफिसात. पहिली हरकत पैशाने सुटते: शिकवणाऱ्या ऑफिसला मुंबईच्या फर्मने मोबदला द्यावा, उपकार म्हणून न मागता. माणूस तयार करायला पैसे लागतात, आणि आजवर ते लहान गावांतल्या फर्मांनी भरले आणि फायदा शहरांनी घेतला, हेही एकदा बोललं पाहिजे. आमच्याकडे दीड वर्ष घासून तयार केलेला पोरगा पास झाला की मुंबईचा. दुसरी हरकत तितकी अवघड नाही, कारण त्या महिन्यांत मुलीने इथल्याच फाइली करायच्या आहेत.

पालकांनीही एक करावं. कोकणात मुलाला फर्म मिळाली की घरचे विचारतात, किती मोठी आहे, किती पार्टनर, स्टायपेंड किती. त्याआधी मुलानेच मुलाखतीत विचारावं: माझी फाइल कोण तपासणार, आणि तपासलेली फाइल शेऱ्यांसकट मला परत मिळणार का? भागीदार या प्रश्नावर बिचकला तर समजून जावं.

प्रयोग करायचा तर एप्रिलमध्ये सुरू करावा. बँक शाखांची ऑडिटं तेव्हाच असतात, पतसंस्थांची त्यानंतर लागतात, आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात जात असतात आणि त्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, परत येत असतात. शिकवायला भरपूर माल असतो आणि सीनिअरच्या डोक्यावर अजून सप्टेंबर बसलेला नसतो. ऑगस्टच्या मध्यानंतर हा विषय घेऊन कुठल्याही सीएकडे जाऊ नका. तो फोन उचलणार नाही, आणि उचललाच तर पहिलं वाक्य असेल, ‘टूबी डाउनलोड झाली का?’